शहरातले गुन्हे खरंच घटले का? आकडा असा वाचा!

'शहरात गुन्हे घटले' अशी बातमी आली की कॉमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, सीसीटीव्हीची कमाल! दुसरा म्हणतो, तक्रारीच घेतल्या नसतील. मी तिसगावचा. आमच्याकडची पोरं कामासाठी पुणे-मुंबईला निघाली की घरचे विचारतात, "तिकडं सेफ आहे ना?" याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. का, ते बघू.

आधी आकडा समजून घ्या

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे 'नोंदलेले' गुन्हे. घडलेले नव्हे, नोंदलेले. मढीच्या यात्रेत खिशातून फोन गेला आणि कागदावर तो 'गहाळ' म्हणून लागला, तर चोरीच्या आकड्यात तो दिसणारच नाही. खून मात्र सहसा लपत नाही. म्हणून तुलना करताना खुनाचा आकडा जास्त भरवशाचा.

न्यूयॉर्कचं कोडं

न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून जास्त खून झाले. २०१७ साली ३०० पेक्षाही कमी. तिथल्या पोलिसांनी १९९४ पासून 'कॉम्पस्टॅट' ही पद्धत आणली. कुठल्या भागात गुन्हे वाढतायत हे आकड्यांवरून बघायचं आणि अधिकाऱ्याला जाब विचारायचा. श्रेय तिला मिळालं. पण त्याच काळात कॅनडातही गुन्हे घटले, तिथे तर न्यूयॉर्कचे पोलीस नव्हते! म्हणून अभ्यासक आणखी कारणं मांडतात: नशेच्या बाजारातली मारामारी थंडावणं, तरुणांचं प्रमाण घटणं, पेट्रोलमधलं शिसं जाणं. एकाच कारणावर सगळ्यांचं एकमत नाही.

टेक्नॉलॉजीचा वाटा किती?

मुंबईत २६/११ नंतर कॅमेऱ्यांची मागणी झाली आणि २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. कॅमेरा आरोपी शोधायला नक्की मदत करतो. पण त्याच्यामुळेच चोऱ्या घटल्या असं म्हणायचं, तर कॅमेरे नसलेल्या भागात त्याच काळात काय झालं हेही बघावं लागेल.

माझ्या मते जास्त परिणाम होतो तो चोरीचा माल निरुपयोगी केल्यावर. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. खरी चावी नसेल तर इंजिन चालूच होत नाही. पुढे गाडीचोऱ्या खूप घटल्या. आपल्याकडे हेच काम मोबाईलसाठी सीईआयआर करतं. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. पोलीस तक्रारीची प्रत जोडून 'संचार साथी'वर आयएमईआय ब्लॉक केला, की भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो फोन चालत नाही. गिऱ्हाईकच नसेल तर चोरून करायचं काय?

पण गुन्हा वाट बदलतो

यूपीआयमुळे खिशात रोकड कमी झाली, तशी खिसेकापूची कमाईही. पण ओटीपी मागणारा आणि 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालणारा आता थेट तिसगावातही फोन करतो. त्याला मुंबईची लोकल लागत नाही. म्हणजे रस्ता सुरक्षित झाला तरी खातं सुरक्षित असेलच असं नाही.

तर पुढच्या बातमीला तीन प्रश्न विचारा: कुठला गुन्हा घटला? नोंद नीट होते का? तो दुसरीकडे वाढला का?

आणि आत्ताच *#०६# डायल करून १५ आकडी आयएमईआय वहीत लिहून ठेवा. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. तक्रार लाजून टाळू नका. तुम्ही गप्प बसलात, तर आकडा कमी होतो, गुन्हा नाही.