उष्णतेचा हिशेब : मीठ, दूध आणि गूळ

नाशिककडून कांद्याचा ट्रक घेऊन तुर्भ्याच्या बाजार समितीकडे निघालेला शेतकरी ठाण्यानंतर बेलापूर रस्त्यास लागला की रबाळे, घणसोली, कोपरखैरणे मागे टाकीत पावणे गावच्या शिवारातून जातो. शिवार हा शब्द येथे आता केवळ सवयीने वापरावयाचा. खाडीकाठच्या या पट्ट्यात पूर्वी भाताची खाचरे होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि खाचरांच्या जागी कारखाने आले. उंच मनोरे, नळ्यांची जाळी, आडवी निजविलेली लोखंडी पिंपे हे सारे पाहून, याचा आपल्या शेतीशी काय संबंध, असे त्या शेतकऱ्यास वाटले तर नवल नाही. तथापि त्या पिंपांत व मनोऱ्यांत जी कामे चालतात त्यांपैकी दोन त्याच्या चांगल्या परिचयाची आहेत. एका पदार्थाची उष्णता दुसऱ्यास देणे, हे पहिले. आणि एकत्र मिसळलेले पदार्थ निरनिराळे करणे, हे दुसरे. घरची मलई काढताना आणि गुऱ्हाळात रस आटविताना हीच कामे होत असतात. भेद आहे तो हिशेबाचा.

ठाण्याच्या खाडीकाठी कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून मिठागरे होती. समुद्राच्या १०० किलो पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार असतात. ते पाणी उथळ वाफ्यांत कोंडून उन्हावर आटविले म्हणजे प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात, मागाहून मीठ धरू लागते, आणि अखेरीस उरलेले कडू पाणी वेळीच सोडून द्यावे लागते. न सोडल्यास मिठास कडवटपणा येतो. पदार्थ वेगळे करण्याची ही विद्या फार जुनी आहे. मात्र येथे जाळ सूर्याचा असल्यामुळे किती उष्णता खर्ची पडली हे कोणी विचारीत नाही. सरपण विकत घ्यावे लागले की तो प्रश्न उभा राहतो.

दुधाची गोष्ट निराळी. दूध पसरट भांड्यात रात्रभर ठेवले की साय वर येते, परंतु तेवढ्या वेळात उष्ण हवेत दूध नासण्याचा धोका असतो. स्वीडनमधील गुस्ताफ द लाव्हाल या अभियंत्याने १८७८ मध्ये या अडचणीवर तोड काढली. जोंधळ्याच्या शेतात पाखरे राखणाऱ्या मुलास गोफण फिरविताना दगड बाहेर ओढ घेतो हे ठाऊक असते. द लाव्हालच्या यंत्रात दुधाचे भांडे तसेच वेगाने फिरते. दुधाचा जड भाग कडेला फेकला जातो, हलकी मलई मध्याशी राहते आणि दोन्ही आपापल्या तोटीतून अखंड वाहू लागतात. पहिले यंत्र तासास सुमारे १३० लिटर दूध घेत असे. पुढे १८८८ मध्ये क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन गृहस्थाने भांड्यात पत्र्याचे पातळ शंकू एकावर एक रचण्याची कल्पना काढली. स्निग्धांशाच्या कणास आता सारे भांडे ओलांडावे लागत नव्हते. दोन शंकूंमधील अरुंद फटीपुरताच त्याचा प्रवास उरला, आणि यंत्राचे काम अनेक पटींनी वाढले. द लाव्हालच्या कंपनीने तो हक्क लगेच विकत घेतला. याच कंपनीने १९६३ मध्ये आल्फा लाव्हाल हे नाव धारण केले. पुण्याजवळ दापोडी येथे तिचा कारखाना आहे.

हाताने फिरवावयाच्या लहान मलई यंत्रातही हेच शंकू असतात. दूध सुमारे ४० अंश सेंटिग्रेडपर्यंत कोमट करून घातल्यास मलई चांगली सुटते, कारण कोमट दूध अधिक पातळ असते. काम होताच प्रत्येक शंकू सुटा करून कढत पाण्याने धुणे अगत्याचे आहे. पुष्कळ घरी या एका कंटाळ्यापायीच यंत्र अडगळीत जाते.

डेअरीत दूध ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद तसे ठेवतात व लगेच ४ अंशांपर्यंत थंड करतात. थंड दूध तापविण्यास सरपण आणि तापलेले दूध थंड करण्यास वीज, असा दुहेरी खर्च येथे होता. रिचर्ड सेलिग्मन यांनी १९२३ मध्ये इंग्लंडात पन्हळी पत्र्यांचे यंत्र बनविले. पत्रे जवळजवळ आवळलेले असतात. एका फटीतून तापलेले दूध जाते, शेजारच्या फटीतून थंड दूध उलट दिशेने येते, आणि मधल्या पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते. दूध मिसळत नाही, उष्णता मात्र हात बदलते. ४ अंशांचे दूध ७२ अंशांवर नेण्यास ६८ अंशांची वाढ हवी. दहांतील नऊ हिस्से उष्णता अशी परत मिळाली तर नवे दूध फुकटात ६५ अंशांपर्यंत पोहोचते व केवळ ७ अंशांचा जाळ लागतो. पावण्यासारख्या वसाहतींतील रसायनांच्या कारखान्यांत पत्र्यांऐवजी पुष्कळदा नळ्या असतात. आडवी निजविलेली पिंपे ती हीच. आत नळ्यांचा जुडगा, नळ्यांतून एक द्रव, त्यांच्या भोवतालून दुसरा.

रस आटविण्याचे काम याहून खर्चिक, आणि त्याचे कारण शेतकरी बांधवांनी नीट ध्यानात घ्यावे असे आहे. पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेसातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ होण्यास लागते. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत दडून असते. वाफ सोडून दिली की सरपणाचा मोठा हिस्सा तिच्याबरोबर आभाळात जातो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४३ मध्ये या वाफेसच कामाला लावले. त्यांनी बंद भांडी ओळीने जोडली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यास तापविते, दुसऱ्याची तिसऱ्यास. कमी उष्ण वाफेवर पुढचा रस उकळावा कसा, ही अडचण त्यांनी हवा काढून घेऊन सोडविली. दाब कमी झाला की रस कमी उष्णतेवर उकळतो, आणि करपतही नाही. चार भांड्यांच्या मांडणीत एक किलो वाफ सुमारे चार किलो पाणी उडविते. रिल्यू कृष्णवर्णीय वंशाचे होते व त्या काळी तेथे गुलामगिरी चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कर्तृत्वाचे मोल अधिकच वाटते.

प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर राज्यात असे अनेक कारखाने निघाले, आणि रिल्यूंची युक्ती ऊसकऱ्यांच्या मालकीची झाली. १०० किलो पातळ रस दाट करताना सुमारे ७५ किलो पाणी उडवावे लागते. उघड्या कढईत हे काम करावयाचे तर चिपाड पुरले नसते. साखरेचे दाणे मळीतून सोडविणारे फिरते यंत्रही गोफणीचेच भावंड होय.

गुऱ्हाळास मात्र ही सवलत मिळालेली नाही. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ होतो आणि त्यासाठी पाचशे किलोंच्या आसपास पाणी उघड्या काहिलीतून उडवावे लागते. बंद भांडी व हवा काढणारा पंप लहान गुऱ्हाळमालकास परवडत नाही. शिवाय ११८ अंशांच्या सुमारास पाक आला की नाही हे गुळव्या डोळ्यांनी व बोटांनी ठरवितो, तेथे झाकण चालत नाही. म्हणून वाफ परत मिळविण्याची आशा गुऱ्हाळाने तूर्त सोडलेली बरी. धुराड्यातून जाणारी उष्णता मात्र हाती येण्यासारखी आहे. मुख्य काहिलीखालून निघालेला तप्त धूर धुराड्यात जाण्यापूर्वी दुसऱ्या काहिलीखालून नेल्यास पुढच्या खेपेचा रस तेथे तापून राहतो. रस नुसता उकळीजवळ आला तरी एकूण उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा वाचतो, आणि त्याची तेथेच वाफ होऊ लागल्यास बचत वाढत जाते. यात चमत्कार काही नाही. पण ज्या मालकास हंगामात विकतचे सरपण आणावे लागते त्यास दहावा हिस्सा थोडा नव्हे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने एक पाऊल पुढे टाकून उसाचे पाचट व चिपाड यांपासून जळाऊ वायू करून वापरण्याचेही प्रयोग केले आहेत.

चिपाड पुरते वाळवून घालणे हा खर्चाविना होणारा उपाय. ओल्या चिपाडातील पाण्याचीही वाफ त्याच जाळाने करावी लागते, आणि साडेसातपटीचा हिशेब तेथेही चुकत नाही. दुसरी काहील बसविणाऱ्याने ती रिकामी असताना चुलवाण पेटते ठेवू नये, पत्रा जळतो. पाक उतरताच वरच्या काहिलीतील तापलेला रस नळीने मुख्य काहिलीत सोडावा व तिच्यात तत्काळ ताजा रस भरावा. त्यासाठी दुसऱ्या काहिलीची बैठक पहिल्यापेक्षा हातभर उंच बांधावी लागते.