एसटीचा वेळ कुठे जातो?

धुळ्याहून जळगावला निघालेली एसटी महामार्गावर चांगली पळते. वेळ खातात ती गावं. पारोळ्यात शिरायचं, फलाटाला लागायचं, चढ-उतार झाली की मागे घेत वळून पुन्हा रस्त्याला यायचं. पुढे एरंडोलला तेच. याच महामार्गाच्या फागणे ते तरसोद चौपदरीकरणामुळे ट्रक गावाबाहेरून जाऊ शकतात, पण प्रवासी गावातच उभे असतात. बसला आत यावंच लागतं.

बसचा वेळ वाचवायचे प्रयत्न मोठ्या शहरांनी केले आहेत. पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका आखली. देशातला हा पहिला बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट) प्रयोग. मात्र मार्गिका सलग नव्हती आणि दुचाक्या आत घुसत राहिल्या. पिंपरी-चिंचवडने २०१५ मध्ये सांगवी-किवळे मार्गावर आणखी एक गोष्ट साधली: थांब्याचा ओटा बसच्या तळाच्या उंचीचा केला. पायऱ्या गेल्या, तसं पिशवी सांभाळत दांडा धरून वर चढणंही गेलं. माणशी दोन सेकंद वाचले, तरी वीस प्रवाशांमागे चाळीस सेकंद होतात, तेही प्रत्येक थांब्यावर!

पारोळा-एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावाला एवढा खर्च झेपणार नाही, गरजही नाही. स्थानकाचं तोंड रिक्षा-हातगाड्यांपासून मोकळं ठेवावं, बस आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी असावी, गर्दीच्या वेळी बसला आधी रस्ता द्यायला पोलीस उभा करावा. पन्नास माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीचा तो हक्कच आहे, आणि बाजाराच्या दिवशी तो सगळ्यात आधी मिळायला हवा.