आधी बांधायचं, मग जोडायचं

अपघातात कंबरेखालचं हाड मोडलं की नातेवाईक विचारतात, प्लास्टर कधी घालणार? श्रोणीला, डॉक्टरांच्या बोलीत पेल्विसला, प्लास्टर चालत नाही. आणि भंग अस्थिर असेल तर पहिली काळजी हाडाची नसतेच, रक्ताची असते.

दोन बाजूंची दोन रुंद हाडं आणि मागे मधोमध त्रिकास्थी, असं मिळून श्रोणीचं कडं बनतं. काचेची बांगडी एकाच जागी तडकून थांबत नाही, तसं हे कडंही बहुधा दोन ठिकाणी तुटतं. मागचे जाडजूड अस्थिबंध शाबूत असतील तर पुष्कळदा ऑपरेशनशिवाय भागतं. ते पूर्ण फाटले की त्या बाजूचं हाड पायासकट वर सरकतं. टोरँटोच्या मार्व्हिन टाइल यांनी भंगांची अ, ब, क अशी विभागणी केली ती याच स्थिरतेवरून. त्यातला ‘क’ सर्वांत वाईट. त्रिकास्थीच्या पुढ्यात शिरांचं दाट जाळं असतं. ते फाटलं की बाहेर थेंबही न दिसता आत लिटरभर, दोन लिटर रक्त साठत जातं.

म्हणून पहिला उपचार चादरीचा. तयार पट्टे मिळतात, पण घडी घातलेली साधी चादरही चालते. फक्त जागा चुकता कामा नये. कंबरेवर बांधलेली चादर निरुपयोगी. मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्या पातळीवर ती आवळायची. फाकलेलं कडं मिटतं, हाडांची हालचाल थांबते, धरू लागलेली गुठळी टिकते. जोडीला रक्त चढवायचं. तेवढ्याने भागलं नाही तर बाहेरून सळ्यांची चौकट, आत पट्ट्या ठासून पॅकिंग, किंवा वाहती धमनी कॅथेटरमधून बंद करणं. बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांनी मागची बाजू दाबून धरणारा क्लॅम्प 1991 मध्ये मांडला, तोही याच घाईच्या घटकेसाठी.

रुग्ण सावरला की मग जोडणी. पूर्वी वजनं लावून, झोळीत टांगून आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत. जीव वाचायचा, पण एक पाय आखूड राहायचा आणि पाठदुखी जन्माची सोबतीण व्हायची. आता पुढचा सांधा अडीच सेंटिमीटरहून जास्त उकलला असेल तर सहसा तिथे प्लेट बसवतात. मागे लागतो इलिओसेक्रल स्क्रू, आणि खरी कारागिरी इथे आहे.

नितंबाच्या बाजूला सेंटिमीटरभर छेद. त्यातून एक बारीक तार श्रोणीच्या हाडातून, सांधा ओलांडून त्रिकास्थीच्या पहिल्या मणक्यात न्यायची. समोरून पायाचा पंजा वर उचलणारी नस गेलेली, खाली दुसऱ्या नसेचं भोक. मधली वाट काही मिलिमीटरची. सर्जनला आतलं काहीच दिसत नाही, दिसतात त्या सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या सावल्या. यंत्र डोक्याकडे कलवून एक चित्र, पायाकडे कलवून दुसरं, मग आडवं. तार तिन्हींत बरोबर असेल तरच पुढे सरकायचं. आतड्यातला वायू कधी हाडाची कड झाकून टाकतो. काहींच्या त्रिकास्थीची घडणच वेगळी असते. म्हणून सीटी स्कॅन आधी नीट वाचलेला असावा लागतो. सगळं जमलं की तारेवरून पोकळ स्क्रू चढवायचा, जाडी सात मिलिमीटरच्या आसपास. जखम लहान म्हणून ऑपरेशन सोपं, असं कुणी समजू नये. रुग्णाला मात्र लवकर उठून बसता येतं; दुखऱ्या पायावर पूर्ण भार द्यायला बहुधा दोन-तीन महिने लागतात.

ही जोडणी मोठ्या रुग्णालयातच होणार, हे मान्य. पण तिथवर रुग्ण जिवंत पोचायचा तर बांधणी तालुक्याच्या दवाखान्यात, नाहीतर रुग्णवाहिकेतच व्हायला हवी. अपघात कक्षात काम करणाऱ्या प्रत्येकाला विनंती: शंका आली तरी बांधा. पेल्विस हलते का, हे पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका. लघवीच्या जागी रक्त दिसत असेल तर कॅथेटर घालायची घाई करू नका, कारण मूत्रमार्गही फाटलेला असू शकतो. आणि चादर बांधल्याची वेळ केसपेपरवर लिहून मगच रुग्ण पुढे पाठवा.