आधी एकाचा भाव काढा

सहावी-सातवीत गेलेली अनेक मुले ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ या प्रकरणाशी अडखळतात. पुढची शेकडेवारी, व्याज, वेग हे सारे याच पायावर उभे राहते. पाया कच्चा राहिला की मुलगी ‘गणित मला जमत नाही’ म्हणते, घरचेही ते मान्य करून टाकतात आणि विज्ञान, वाणिज्य या वाटा तिच्यासाठी अवघड होऊन बसतात.

या प्रकरणाचा गाभा म्हणजे एकमान पद्धत. 5 वह्यांना 120 रुपये, तर 8 वह्यांना किती? आधी एका वहीची किंमत : 120 ÷ 5 = 24 रुपये. मग 24 × 8 = 192 रुपये. सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना ‘एकाला किती?’ हे विचारण्याची सवय लावावी.

ही पद्धत काही नवी नाही. आर्यभटाने 499 च्या सुमारास त्रैराशिकाचा नियम सांगितला. अल-ख्वारिझ्मीने आपल्या बीजगणितात खरेदी-विक्रीच्या अशा हिशेबांना वेगळे प्रकरण दिले, तर अल-बिरुनीने भारतीय त्रैराशिकावर अरबीत स्वतंत्र प्रबंध लिहिला.

आता घरातले उदाहरण घ्या. रमजानसाठी खजूर आणायचा आहे. 500 ग्रॅमचे पाकीट 140 रुपयांना, 800 ग्रॅमचे 232 रुपयांना. मोठे पाकीट स्वस्तच असणार, असे आपण धरून चालतो. पण 100 ग्रॅमचा भाव काढला तर पहिल्याचा 28 रुपये येतो, दुसऱ्याचा 29. अनेक पाकिटांवर आता एककाचा भावही छापलेला असतो. किलोपेक्षा लहान पाकिटावर तो ग्रॅमला, मोठ्यावर किलोला असतो. 0.28 रुपये ग्रॅम आणि 270 रुपये किलो यांत महाग कोणते, हे मुलांनाच काढू द्या.

दोन चुका हमखास होतात. पहिली, भागाकार उलटा करणे. त्यावर उपाय म्हणजे उत्तर एककासह बोलायला लावणे : ‘एका वहीला इतके रुपये’ की ‘एका रुपयात इतकी वही’? दुसरी चूक, सगळीकडे एकच रीत लावणे. 6 माणसांना 10 दिवस पुरणारा शिधा 12 माणसांना 20 दिवस पुरेल काय? एका माणसाला तो 60 दिवस पुरेल, म्हणून 12 जणांना 5 दिवस. आकडेमोडीआधी ‘उत्तर वाढेल की घटेल?’ एवढे विचारले तरी ही चूक टळते.

शाळा फारशी न शिकलेल्या अम्मीलाही हे शिकवता येईल. चार जणांच्या बिर्याणीला किती तांदूळ आणि पंधरा पाहुण्यांना किती, हा हिशेब ती वर्षानुवर्षे करत आली आहे. या वेळी तो मुलीला करू द्या, आणि उत्तर कसे काढले ते तिच्या तोंडून ऐका.