मोटारीचा ब्रेक कोठें असावा?

पेडल दाबलें कीं मोटार थांबते, एवढ्यावर आपण समाधान मानतों. ब्रेक गाडीच्या कोणत्या भागीं बसविला आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. परंतु गाडीची चाल व प्रसंगीं आंत बसणाराचा जीव हीं दोन्ही या जागेवर अवलंबून असतात, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

मोटारीच्या वजनाचे दोन भाग पडतात. सांगाडा, इंजिन व माणसें यांचा भार स्प्रिंगांवर तोललेला असतो; चाकें, टायर व चाकांत बसविलेले ब्रेक यांस तो आधार नसतो. खांचखळग्यांतून जातांना हें दुसरें वजन वरखालीं उडतें. तें जड असल्यास उडालेलें चाक रस्त्यावर लवकर टेकत नाहीं. आणि अधांतरीं चाक गाडीस ना वळवूं शकतें ना थांबवूं शकतें. म्हणून कांहीं रचनाकारांनीं ब्रेक चाकांतून काढून मध्यभागीं सांगाड्याकडे नेले. १९५५ सालच्या सित्रोएन डी. एस. गाडीचे पुढील व १९६१ सालच्या जॅग्वार ई-टाइपचे मागील ब्रेक असेच होते. चाकें हलकीं झालीं, चाल सुधारली.

परंतु या सोयीचें मोल द्यावेंच लागतें. आंतील ब्रेकांस वारा कमी लागतो, दुरुस्तीस हात पोंचत नाहीं. आणि मुख्य म्हणजे थांबविण्याचा सारा पीळ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर पडतो. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनें १९७० सालीं शर्यतीसाठीं काढलेल्या '७२' गाडींत पुढील ब्रेकही आंत होते. पुढील चाकांस इंजिनाचा जोर मिळत नसल्यामुळें तेथील दांडे केवळ ब्रेकांसाठींच घातलेले होते. ५ सप्टेंबर १९७० रोजीं इटलींतील मोंझा येथें शर्यतीपूर्वींच्या फेऱ्यांत वळणापाशीं वेग आवरतांना योखेन रिंट यांची गाडी डावीकडे वळून कठड्यावर आदळली व ते मृत्यु पावले. उजवीकडील पुढचा ब्रेकचा दांडा तुटल्याचें आढळलें. त्या वर्षींचें जगज्जेतेपद त्यांस मरणोत्तर मिळालें.

आज बहुतेक घरगुती मोटारींचे ब्रेक चाकांतच असतात. तेथें त्यांचें थोडें ओझें होतें खरें, पण चाक व ब्रेक यांच्यामध्यें तुटण्याजोगा लांब दांडा राहत नाहीं. वजन वांचविणें ही मोठी विद्या आहे. तथापि तें वांचवितांना भार कोणावर टाकला, हें पाहणें त्याहून मोठें, असें आम्हांस वाटतें.