परसातली बदकं (भाग ६) : पिलू अंड्यात अडतं तेव्हा

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी कशी बसवायची, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. अंड्यांसाठी ज्या खाकी कॅम्पबेलचं नाव घेतलं जातं, ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते; पण अंड्यांवर बसायची ओढ तिच्यात जवळजवळ उरलेली नाही. म्हणून एक तर कोंबडी, नाही तर उबवणी यंत्र. कोंबडीचा हिशोब २१ दिवसांचा, बदकाचा २८ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात कोंबडी कंटाळून उठली, तर अंडी यंत्रातच न्यावी लागतात. यंत्रात ३७.५ अंश तापमान ठेवायचं, अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची आणि पंचविसाव्या दिवशी फिरवणं थांबवायचं. एवढं बहुतेकांना पाठ असतं. घोडं अडतं ते पुढे. अंड्याला टोचा पडतो, आतून चिवचिव ऐकू येते आणि पिलू काही बाहेर येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. असं पिलू त्या दिवशी अडलेलं नसतं. त्याआधीचे तीन आठवडे अंड्यातलं पाणी कमी-जास्त उडालेलं असतं, त्याचा हा परिणाम.

कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची पोकळी वाढत जाते. पिलू पहिला श्वास घेतं तो याच पोकळीतला. उबवणीच्या काळात अंड्याचं वजन साधारण १३ टक्के घटलं पाहिजे. म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं पंचविसाव्या दिवशी ६१ ग्रॅमच्या आसपास यावं. फारच कमी घटलं तर पोकळी लहान राहते, पिलू फुगलेलं, पाणथळ होतं आणि त्याला वळायला जागा उरत नाही. फार घटलं तर कवचाखालचा पापुद्रा सुकून पिलाच्या अंगाला चिकटतो.

जालन्याची हवा इथे आडवी येते. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या पुढे पारा आणि हवा कोरडी ठणठणीत, हे आपण जाणतोच. त्यातली मोठी अडचण अशी की साधं यंत्र फक्त तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीच ४१ अंशांवर गेली तर बल्ब बंद असूनही अंडी शिजतात. वैशाखात पत्र्याच्या खोलीत उबवणी लावूच नये. पण हिवाळा सोपा, असं समजून पुष्कळजण फसतात. थंडीत १५ अंशांची, निम्मी दमट हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता तेरा-चौदा टक्क्यांवर उतरते. बदकाच्या अंड्यांना हवी ५५ ते ६०. म्हणजे पौषातही पाण्याचं पसरट भांडं आत हवंच, आणि तेही रुंद तोंडाचं. कारण वाफ पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर ठरते. श्रावणात यंत्रातली हवा पाणी न ठेवताही चाळीस टक्क्यांच्या आसपास राहते, तेव्हा भांडं लहान करायचं. वीज गेली तर झाकण न उघडता यंत्रावर गोधडी टाकावी. तासा-दोन तासांच्या खंडानं अंडी वाया जात नाहीत. बदकीण स्वतःही चरायला उठतेच की!

शेवटचे तीन दिवस आर्द्रता ७० ते ७५ टक्के लागते. पहिलं पिलू फुटलं म्हणून कौतुकानं झाकण उघडलं की ती दमट हवा क्षणात निघून जाते आणि मागच्या अंड्यांचे पापुद्रे सुकतात. घरातल्या लेकरांना यंत्राच्या काचेतूनच पाहू द्या.

आता मदत कधी करायची? बाहेर टोचा पडल्यावर पिलू तासन्‌तास स्वस्थ पडून राहतं. ते थकलेलं नसतं. पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त ते अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात घेत असतं. यात २४ ते ४८ तास सहज जातात. या काळात कवच सोलणं म्हणजे पिलाला मारणंच. चोवीस तास होऊनही छिद्र वाढलं नाही, तर अंडं हातात घेऊन पापुद्रा नीट पाहा. लालसर शिरा दिसल्या तर अंडं मुकाट्यानं परत ठेवा. पापुद्रा पांढरा, कागदासारखा कोरडा झाला असेल आणि शिरा दिसत नसतील, तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं तो ओला करा. मात्र चोचीच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. मग छिद्राभोवतीचे कवचाचे एक-दोन तुकडे नखानं काढा आणि थांबा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथंच हात आवरायचा. बोथट टोकाची टोपी मोकळी झाली की पुरे. खालचा अर्धा भाग पिलाला स्वतः ढकलू द्या. चोच किंवा पाय धरून ओढू नये.

बाहेर आल्यावर काही पिलांचे पाय दोन्हीकडे फाकतात. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरणं हे त्याचं नेहमीचं कारण. त्याऐवजी गोणपाट अंथरा. फाकलेले पाय मऊ पट्टीनं नैसर्गिक अंतरावर सैल बांधले, तर बहुतेक दोन-तीन दिवसांत सुधारतात. थोडं मोठं झाल्यावर पाय वाकू लागले, तर संशय खाद्यावर घ्यावा. बदकाच्या पिलाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा जास्त लागतं आणि कोंबडीच्या तयार खाद्यात ते कमी पडू शकतं. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळल्यानं ती उणीव भरून निघते. पाण्याचं भांडं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं, पण पोहण्याइतकं नको; यंत्रातलं पिलू भिजलं की गारठून मरतं. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांची ऊब ठेवावी आणि पुढे ती दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी उतरवावी.

पिलं हाताळल्यावर साबणानं हात धुवा, मुलांचेही धुवायला लावा. साल्मोनेलाची लागण अशीच होते. बेंबी उघडी राहिलेलं किंवा बलक बाहेर लोंबणारं पिलू सहसा जगत नाही, त्याला पशुवैद्यकाकडे न्या.

पुढच्या आठवड्यात पिलांचं खाद्य पाहू. तोवर पुढची अंडी लावणार असाल, तर प्रत्येक अंड्यावर साध्या पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहून ठेवा.