दारचौकटीचे अर्धस्तंभ

जुन्या मराठी वाड्याच्या प्रवेशद्वाराशी दोन्ही अंगांस कोरीव लाकडी खांब दिसतात. त्यांपैकी अनेक पूर्ण खांब नसून चौकटीस जडविलेले अर्धस्तंभ असतात. दारावरील भिंतीचा भार चौकटीमागील तुळया पेलतात. अर्धस्तंभ केवळ शोभेचे.

या शोभेचे नाते मंदिराशी आहे. गर्भगृहाच्या द्वारास एकात एक अशा अनेक शाखा कोरीत. त्यांतील खांबाच्या आकाराची ती स्तंभशाखा. पेशवाईत घरांच्या खांबांनी मोगली वळण घेतले. तळाशी घटासारखा फुगवटा, वर निमुळता होत जाणारा दंड, म्हणून त्यास सुरूदार खांब असे सार्थ नाव पडले. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात, १८०७ च्या सुमारास पुण्यात उभ्या राहिलेल्या विश्रामबाग वाड्याचे दर्शनी लाकूडकाम या घडणीचा उत्तम नमुना होय.

आज वाडे पडतात तेव्हा चौकटी प्रथम विकल्या जातात. जेथे त्या राहतात, तेथे दुरुस्तीच धोक्याची ठरते. लाकडाभोवती सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि सागवानही पायथ्याकडून कुजू लागते. तैलरंगाचे थर चढून नक्षी बुजते ती निराळीच. जुन्या कामास चुन्याचा गिलावा अधिक मानवतो. चौकट उतरविणे अटळच असेल, तर तत्पूर्वी छायाचित्रे व मापे घेऊन ती ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या दप्तरी ठेवावीत. या कामास फीत, कागद आणि एक दुपार पुरते.